शनिवारी शिकवायला जायचंय? आधी हे ऐका

"वस्तीतल्या मुलांना शिकवायचंय" किंवा "एखाद्या मुलाचा खर्च उचलायचाय, नक्की काय करू?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज त्यावरच बोलू.

पुण्या-मुंबईत जिथे बिल्डिंगचं काम चालू असतं, तिथे बाजूला पत्र्याच्या खोल्या दिसतात ना? तिथल्या मुलांचंच उदाहरण घेऊ. काम संपलं की आईबाप दुसऱ्या साइटवर जातात आणि मुलाची शाळा मागे राहते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे बरं का. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वय ६ ते १४ असेल, तर जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आणि प्रवेश वयाप्रमाणे द्यायचा. म्हणजे कधीच शाळेत न गेलेली ९ वर्षांची मुलगी थेट तिसरी-चौथीत बसते. हे योग्यच आहे, तिला सहा वर्षांच्या पोरांत कशाला बसवायचं? पण समोरच्या पुस्तकातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. अशा मुलांना खास प्रशिक्षण द्यायचं, हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात एक शिक्षक आणि भरलेला वर्ग, वेळ कुठून काढणार? तुमची गरज आहे ती इथे.

त्यासाठी बी.एड. लागत नाही. 'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. तिचा 'बालसखी' नावाचा कार्यक्रम होता. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांमध्ये तिसरी-चौथीत मागे पडलेली १५-२० मुलं वेगळी बसायची. शिकवायला त्याच भागातली, थोडं ट्रेनिंग घेतलेली तरुणी. रोज साधारण दोन तास, फक्त वाचन आणि साधं गणित. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (हो, २०१९ चे नोबेलवाले) यांनी याचा अभ्यास केला. मुलांचे मार्क वाढले होते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरलाही.

'रोज' हा शब्द लक्षात ठेवा. वाढदिवसाला केक आणि वह्या वाटून सेल्फी काढणं याला मी तरी शिकवणं म्हणणार नाही. आणि तीन शनिवार जाऊन चौथ्याला गायब होणारा दादा मुलांना चांगला लक्षात राहतो. त्यापेक्षा आठवड्यातून दोनच दिवस ठरवा, पण वर्षभर जा. तेही जमणार नसेल तर सरळ पैसे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता पैशांचं बघू. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम'ने गावातल्याच स्वयंसेवकांना तयार करून वाचनवर्ग घेतले होते. जी मुलं आली, त्यांचं वाचन खरंच सुधारलं. गंमत म्हणजे, येणारी मुलंच फार थोडी होती! शिकवणारा तयार असून भागत नाही, मुलाला वर्गापर्यंत आणावं लागतं. 'डोअर स्टेप स्कूल' ही संस्था १९८८ पासून हेच करते. बसमध्येच वर्ग थाटून ती बस मुलं राहतात तिथे नेते. म्हणून स्पॉन्सर करताना दप्तर-वह्यांच्या पुढे बघा. गाडीचं डिझेल, घरोघरी जाऊन मुलं गोळा करणाऱ्या ताईचं मानधन, असे खर्च कुणालाच फोटोत दाखवता येत नाहीत. त्यामुळे त्यांना पैसे मिळणं अवघड जातं.

"माझ्या मुलाचा फोटो आणि पत्र पाठवा" असा आग्रहही धरू नका. दहा वर्षांच्या पोराने अनोळखी माणसाचे महिन्याला आभार का मानायचे? मार्कांचा हिशोब नको, संस्थेला एवढंच विचारा: जूनमध्ये किती मुलांना परिच्छेद वाचता येत होता आणि मार्चमध्ये किती जणांना येतो? साइट बदललेली मुलं नव्या शाळेत गेली का? आणि तुमची ओळखपत्रं, माहिती न तपासता कुणी तुम्हाला थेट मुलांमध्ये सोडत असेल, तर ती जागा टाळलेलीच बरी.

पैसे दिल्यावर पावती घ्या, ८०जी लागू आहे का तेही विचारून ठेवा. काही अडलं तर व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात घेऊ.