टॉपमध्ये गाडी ओढू नका : मोटारसायकलचे गिअर, पार्ट आणि काही पक्के गैरसमज

महाशिवरात्रीची यात्रा भरली की चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवच्या रस्त्यावर मोटारसायकली माणसाच्या चालीने सरकतात. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून या स्थानाचं माहात्म्य मोठं. गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. बरेचसे दुचाकीवर, मागे घरची माणसं, पुढे टाकीवर लेकरू, हँडलला पिशवी. अशा गर्दीतून गाडी काढताना क्लच तापतो, चेन खडखडते, इंजिन गुरगुरतं. पुढे काही दिवसांनी गाडी ओढेनाशी झाली की गॅरेजच्या बाकावर चर्चा रंगते ती पार्टची : मागच्या वेळी टाकलेली क्लच प्लेटच हलकी होती, आता कंपनीचीच टाका.

कधी कधी प्लेट खरंच हलकी असते. पण बहुतेक वेळा ती कमी वेगात चुकीच्या गिअरमध्ये गाडी चालवल्याने गेलेली असते. नवा पार्ट घेण्याआधी आपला डावा पाय काय करतो ते पाहायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे वडसा-देसाईगंजच्या बाजूने जेमतेम शिरते. बाकी दवाखाना, बाजार, शाळा, धानाची पोती, मोहाची टोपली, सगळं दुचाकीवर. इथे गाडी बंद पडली की मजुरी बुडते. म्हणून हे गैरसमज महागात पडतात.

“टॉपमध्ये चालवली की पेट्रोल वाचतं”

सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट समज हा. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो टिकला आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर, एकटा माणूस, ताशी ४० ते ५० चा स्थिर वेग असेल तर टॉप गिअरच सर्वांत काटकसरीचा. हाच नियम लोक ताशी २० च्या वेगालाही लावतात आणि तिथे घोटाळा होतो.

हिरो स्प्लेंडर घ्या. ही गाडी १९९४ मध्ये आली आणि आजही विदर्भाच्या खेड्यांत सर्वाधिक दिसणाऱ्या गाड्यांपैकी आहे. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन सर्वाधिक जोर, म्हणजे टॉर्क, देतं मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांवर. तो साधारण ८ न्यूटन-मीटर. जागेवर उभी असताना तेच इंजिन सुमारे १४०० फेऱ्यांवर चालतं. आता ढोबळ हिशेब मांडा. ताशी २० च्या वेगाला टॉपमध्ये इंजिन २००० च्या थोडं वर फिरतं, तिसऱ्यात २८०० च्या आसपास आणि दुसऱ्यात ४००० च्या जवळ. टॉपमध्ये म्हणजे इंजिन उभ्या गाडीपेक्षा थोडंच जास्त फिरतंय आणि त्याच्याकडून दोन माणसं आणि एक पोतं ओढण्याची अपेक्षा आहे. मग चालवणारा ॲक्सिलरेटर पिळतो. वेग वाढत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. वाचवायला निघालो ते तिथेच गेलं.

नुकसान पेट्रोलापुरतं थांबत नाही. कमी फेऱ्या आणि जास्त भार अशा अवस्थेत पिस्टनचा प्रत्येक ठोका क्रँकच्या बेअरिंगवर जड पडतो. तेलाचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे भार सर्वाधिक असताना तेलाचा पुरवठा कमी असतो. तापलेल्या इंजिनात इंधन आवाज करत अवेळी पेटतं. मेकॅनिक म्हणतात, गाडी ठोकते. प्रत्येक ठोक्याला चेनला झटका बसतो, तो झटका मागच्या चाकाच्या हबमधली डॅम्पर रबरं झेलतात आणि लवकर फाटतात. चेनचा आवाज आला म्हणून चेन बदलणाऱ्याने ही रबरं एकदा तरी काढून पाहावीत.

खूण सोपी आहे. ॲक्सिलरेटर पिळूनही गाडी पुढे झेपावत नसेल, हँडल थरथरत असेल, ढकढक असा जड आवाज येत असेल, तर एक गिअर खाली आणा. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर प्रत्येक गिअरसाठी वेगाच्या पट्ट्या आखलेल्या असत. कोणत्या वेगाला कोणता गिअर, हे कंपनीने डोळ्यांसमोरच लिहून दिलं होतं. नव्या गाडीत ते मॅन्युअलात सापडतं. ढोबळ मानाने १०० सीसीच्या चार गिअरच्या गाडीला १५ पर्यंत पहिला, ३० च्या आतबाहेर दुसरा, ४० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे टॉप. भार असेल, चढ असेल, समोरून वारा असेल तर प्रत्येक गिअर थोडा उशिरा वर टाका.

“पण बुलेट तर टॉपमध्ये आरामात डुगडुगत जाते,” असं कुणीतरी म्हणतंच. जाते, कारण तिचं इंजिन वेगळ्या स्वभावाचं आहे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० फेऱ्यांवरच मिळतो आणि जड फ्लायव्हील कमी फेऱ्यांतही इंजिन सांभाळून घेतं. बुलेटची सवय स्प्लेंडरवर किंवा प्लॅटिनावर चालवली तर लहान इंजिन कण्हतं. तरी बुलेटलाही खालची मर्यादा आहेच. पाचव्यात २५ ने चालवली तर तीही धक्के मारते.

“गर्दीत हाफ क्लचवर चालवावी, इंजिनाला त्रास होत नाही”

इंजिनाला होत नाही, क्लचला होतो. मोटारसायकलचा क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या घर्षणपट्ट्या आणि लोखंडी पट्ट्या, एकाआड एक रचलेल्या. लिव्हर अर्धी दाबली की त्या एकमेकींवर घसरतात, तापतात, झिजतात. झिजून निघालेला चुरा त्याच तेलात मिसळतो, जे तेल पिस्टनलाही जातं आणि गिअरबॉक्सलाही. म्हणजे क्लच जाळला की तेलही जाळलं.

यात्रेच्या गर्दीत खरं तर हाफ क्लचची फारशी गरजच नसते. वरच्याच हिशेबाने पाहा : स्प्लेंडरच्या पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटर जवळजवळ न देता, गाडी ताशी ४ किलोमीटरच्या आसपास जाते. हीच माणसाची चाल. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटर किंचित द्या आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. समोरचा थांबला तर क्लच पूर्ण दाबा, अर्धा नको. रांग बराच वेळ थांबली तर न्यूट्रल करून इंजिन बंद करा. ही इंजिनं हवेने थंड होतात. गाडी उभी असेल तर थंड करायला वारा कुठून येणार? उन्हाळ्यात तर चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे जास्तच पाळायला हवं.

नदीकाठच्या वाळूत मात्र पहिला गिअर फसवतो. त्यात चाकाला जोर एकदम मिळतो आणि ते जागीच खणत बसतं. दुसरा टाका, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा, मध्येच क्लच दाबू नका. चाक रुतलंच तर उतरून ढकला. वाळूत क्लच घसरवत गाडी काढण्याच्या हट्टात पट्ट्या काही मिनिटांत करपतात.

बोटं सतत क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय याच घरातली. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते. ती नसेल तर तुम्ही न दाबताही क्लच थोडा घसरतच असतो. क्लच प्लेटचा सेट विकत घेण्याआधी ही चाल तपासा. वायरचा नट फिरवायला पैसे लागत नाहीत.

“उतारावर न्यूट्रल, पेट्रोल फुकट”

कोरचीकडच्या बेडगाव घाटात हे करणारे दिसतात तेव्हा काळजी वाटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकली बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. अशा गाडीत उतारावर गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर इंजिन चाकाच्या जोरावर फिरत राहतं आणि संगणक इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन जातच राहतं. न्यूट्रलचा फायदा म्हणून जे सांगतात तो नव्या गाडीत उलटा पडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं पेट्रोल वाचेलही. पण इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ड्रमच्या लायनरवर येतो आणि तापलेला लायनर पकड सोडतो. चढाला जो गिअर लागतो तोच उताराला ठेवावा. ट्रकवाल्यांचा हा जुना नियम दुचाकीलाही तितकाच लागू आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक ज्या रस्त्यांवरून धावतात, तिथे तर गाडी कायम इंजिनाच्या ताब्यात हवी.

पार्टांबद्दल

“चेन लांबली, एक कडी काढून टाका.” चेनचं लोखंड ताणलं जात नाही, तिच्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ती बारीक झीज मिळून चेन लांब दिसते. छोट्या गाड्यांच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं आणि स्प्रॉकेटचे दाते त्याच मापाने कापलेले असतात. झिजलेल्या चेनचं हे अंतर वाढलेलं असतं. कडी काढल्याने लांबी कमी होते, अंतर तसंच राहतं, आणि ती चेन दात्यांना खात राहते. दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले की समजा, सेट संपला. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन घालून वाचवलेले पैसे काही महिन्यांत परत द्यावे लागतात.

“पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने मोठं टाका, मायलेज वाढतं.” १४ च्या जागी १५ दाते टाकले तर त्याच फेऱ्यांत गाडी सुमारे ७ टक्के जास्त अंतर कापते. रिकाम्या हायवेवर बरं वाटतं. पण प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. भार घेऊन, खड्ड्यांतून, कच्च्या रस्त्याने चालणाऱ्याला टॉप जवळजवळ निरुपयोगी होतो आणि पहिल्यात उचलताना क्लच जास्त घसरवावा लागतो. आपल्या भागातल्या रस्त्यांना कंपनीचंच माप योग्य आहे.

“तेल म्हणजे तेल, कारचं जास्त चांगलं.” हा समज सर्वांत खर्चीक. कारचा क्लच कोरडा असतो, इंजिनाच्या तेलात तो नसतो. म्हणून कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तेच तेल मोटारसायकलच्या ओल्या क्लचवर गेलं की पट्ट्या घसरतात. इंजिन ओरडतं, गाडी धावत नाही, आणि मालक क्लच प्लेट बदलतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ अशी खूण पाहा. ‘एमबी’ हे गिअरलेस स्कूटरसाठी. आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड तेल घाला, हा सल्लाही मॅन्युअल पाहिल्याशिवाय मानू नका. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनाला तेच द्या.

राहिला ‘ओरिजिनल’चा प्रश्न. लोकांच्या डोक्यात दोनच खाती असतात, कंपनीचा आणि डुप्लिकेट. प्रत्यक्षात मधलं खातं मोठं आणि प्रतिष्ठित आहे. गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमधली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज गाड्यांच्या कंपन्यांना शॉक ॲब्सॉर्बर, क्लच, ब्रेक पुरवते; रोलॉन नावाने विकली जाणारी चेन कोइम्बतूरच्या एल. जी. बालकृष्णन कंपनीची. असे पुरवठादार आपल्या नावानेही बाजारात माल विकतात, आणि तो घ्यायला हरकत नसते. टाळायचा तो नक्कल केलेला माल, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या डब्यात भरलेला. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असलीच पाहिजे. ते नसेल, पार्ट नंबर नसेल, अक्षरं पुसट असतील, तर पाकीट परत करा. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, बेअरिंग यांत तडजोड नकोच. आरसा किंवा फूटरेस्टचं रबर साधं चाललं तरी बिघडत नाही.

आणखी एक. बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचं नाव तेच, टाकी तीच, म्हणून पार्टही तेच असं नसतं. दुकानदाराला गाडीचं वर्ष सांगा, शक्य असेल तर पार्ट नंबर जुळवा. भामरागड-एटापल्लीहून पार्टसाठी चंद्रपूर गाठणाऱ्याला चुकीचा पार्ट म्हणजे दुसरी पूर्ण खेप.

गॅरेजमधून निघताना दोन गोष्टी मागून घ्या : पक्कं बिल आणि काढलेला जुना पार्ट. करपलेली पट्टी, वाकलेले दाते, फाटलेली रबरं पाहिली की गाडी कशी चालवली गेली ते कळतं. पार्ट नक्कल निघाला आणि दुकानदार ऐकेना, तर बिल हातात ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.