झाकण लावताच मॉनिटरही काळा? लिनक्स लॅपटॉपमध्ये तपासा 'ही' सेटिंग

लिनक्स लॅपटॉपला एचडीएमआय केबलने मोठा मॉनिटर जोडला, झाकण लावलं आणि दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या? लगेच नवी केबल घ्यायला जाऊ नका. बहुतेकदा लॅपटॉप फक्त सस्पेंड झालेला असतो.

असं का होतं?

झाकण लागल्याचं सेन्सर कळवतो. उबुंटू, फेडोरा, डेबियनमध्ये पुढचं 'सिस्टिमडी-लॉगइनडी' ही सेवा ठरवते. तिचा मूळ नियम असा: एकच डिस्प्ले असेल तर सस्पेंड, बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर काहीही करायचं नाही. मॉनिटर ओळखलाच गेला नाही, तर पहिला नियम लागतो.

काय कराल?

१. झाकण उघडं ठेवून डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही स्क्रीन दिसतात का पाहा. दिसत नसतील तर केबल, पोर्ट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा.

२. दिसत असतील तर पॉवर सेटिंगमध्ये झाकणाचा पर्याय आहे का पाहा आणि तो बदला.

३. तरीही फरक पडला नाही, तर 'लॉगइनडी'च्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल-लिड-स्विच-एक्स्टर्नल-पॉवर'पुढे 'इग्नोर' लिहा. ओळीच्या सुरुवातीचं # चिन्ह काढून लॅपटॉप रीस्टार्ट करा.

हे लक्षात ठेवा

अनेक जण थेट 'हँडल-लिड-स्विच'लाच 'इग्नोर' करतात. मग बॅटरीवरही लॅपटॉप झाकणाखाली चालूच राहतो. तसाच बॅगेत गेला, तर तापतो आणि बॅटरीही संपते. 'एक्स्टर्नल-पॉवर'ची ओळ बदलली, तर चार्जरवर काम सुरू राहतं आणि चार्जर काढून झाकण लावलं की लॅपटॉप सस्पेंड होतो.