न तुटलेला पट्टा

"काय त्रास आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्रास काही नाही. टायमिंग बेल्ट बदलायचाय."

त्यांनी हात पुसता पुसता मान वर केली. "तुटायच्या आधी आलेलं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. बाकीची दोरी बांधूनच येतात."

पिरंगुटच्या थोडं पुढे, पौड रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे सकाळी साडेनऊला मी २००७ ची सँट्रो उभी केली. गाडी सुरळीत होती. पण आठवड्याभराने आईला घेऊन ताम्हिणीतून माणगावला जायचं होतं, आणि त्या घाटात जुलैत बंद पडलेल्या गाडीपेक्षा एकटी वस्तू नाही. धुकं असतं, मोबाइलला रेंज नसते, थांबलेली गाडी फोटो काढायलाच थांबलीय असं मागच्यांना वाटतं. आदल्या रात्री सर्व्हिसची जुनी वही चाळली. बेल्ट शेवटचा बदलला होता २०१७ मध्ये. त्यानंतर गाडी जेमतेम एकेचाळीस हजार किलोमीटर चालली होती.

"म्हणजे फार नाही चालली," मी म्हणालो.

"रबर उभ्या गाडीतबी म्हातारं होतंय." त्यांचा हिशोब साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. कंपन्यांच्या पुस्तकांतले आकडे गाडीगाडीप्रमाणे वेगळे असतात, पण पुस्तक हरवलेल्या गाड्यांना हाच हिशोब बरा.

गाडीची पंधरा वर्षं २०२२ मध्ये भरली तेव्हा फेरनोंदणीला पाच हजार भरले होते. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत तेच काम सहाशेत होत होतं. फेरनोंदणीच्या तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक सगळं बघतात. बेल्टचं झाकण कोणी उघडत नाही, आणि उघडावं अशी अपेक्षाही नाही. पण पाच वर्षांचा शिक्का मिळाला की मालकाला वाटतं, गाडी पाच वर्षं निश्चिंत झाली. मलाही वाटलं होतं.

पुढचं चाक निघालं, आतला प्लॅस्टिकचा पडदा निघाला. चेंबरखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावला, कारण या बाजूचं माउंटिंग काढल्यावर इंजिनाला आधार उरत नाही. फॅन बेल्ट आणि एसीचा बेल्ट उतरले. निघालेले बोल्ट मिस्त्री इडलीपात्राच्या जुन्या ताटलीत ठेवत होते. एका खळग्यात माउंटिंगचे, दुसऱ्यात वरच्या झाकणाचे, तिसऱ्यात खालच्याचे. इतकी सोपी युक्ती मला कुठल्याच चकाचक सर्व्हिस सेंटरात दिसलेली नाही.

मग क्रँकच्या पुलीचा मधला बोल्ट. तो सोडवायला गेलं की बोल्टासोबत अख्खं इंजिनच फिरतं. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा आत जाऊन बसला, पाचवा गिअर टाकला आणि ब्रेकवर दोन्ही पाय देऊन ताठ झाला. मिस्त्रींनी गोटी लावली, दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा 'कट्' असा आवाज आला आणि पाइप एकदम खाली गेला. काही जण इथे पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारतात, बोल्ट क्षणात सुटतो. "पाना उडाला तर बोटं जातील," एवढंच ते म्हणाले.

झाकणं निघाल्यावर आतला कारभार दिसला. खाली क्रँकचं छोटं चक्र, वर कॅमचं मोठं, त्याला दुप्पट दाते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. दोघांना बांधणारा हा दातेरी रबरी पट्टा, आत काचेच्या तंतूंचे दोर. साधारण साठच्या वेगाने जाताना इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडतो आणि मिटतो. तो खाली उतरतो त्याच पोकळीत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. दोघांची जागा एकच, वेळ वेगळी. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, आणि वेगात असलेला पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. काहींत दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवलेलं असतं आणि गाडी नुसती बंद पडते. आमचं इंजिन त्या भाग्यवानांतलं नव्हे.

मिस्त्रींनी इंजिन हाताने फिरवून दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या, त्यांवर व्हाइटनरचे ठिपके दिले, टेन्शनर सैल केला आणि पट्टा काढून माझ्या हातात ठेवला.

माझी थोडी निराशाच झाली. पट्टा चांगला दिसत होता. एकही दात गेलेला नव्हता. त्यांनी तो उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसल्या. पाठ वापरलेल्या पाटीसारखी चकचकीत झाली होती. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी पट्ट्याची एक कड चिमटीत धरून बोटं हुंगली. "ऑइल." कॅमचं सील झिरपत होतं. अगदी थोडं, जमिनीवर थेंब पडणार नाही इतकं. तसाच नवा पट्टा चढवला असता तर तोही तेलाने फुगून लवकर गेला असता.

मी नाना पेठेतून बेल्ट आणि टेन्शनर आणले होते, सील नव्हतं. पिरंगुटात ते मिळालं नाही. कोथरूडहून दुचाकीवर कोणीतरी आणेपर्यंत दोन तास गेले. तेवढ्यात पावसाने पत्रा असा धरला की बोलायला ओरडावं लागत होतं.

मिस्त्री पोरवयात पुण्यात फियाट आणि अँबॅसडरवर शिकले. त्या दोन्हींत चेन होती. चेन सैल झाली की खडखडते, गिऱ्हाईक स्वतःच कान टवकारून येतं. "चेन बोलायची. हा मुका." डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा बेल्ट घरोघरी पोचला, आणि फियाटवर हात बसलेल्यांना इंजिनात रबर बघून हसू आलं. खरं तर असा दातेरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत आला तो शिलाई मशीनसाठी. सुई आणि खालचा धागा यांची गाठ नेमकी पडावी म्हणून. मोटारीत तो रुळला १९६२ च्या ग्लास १००४ या जर्मन गाडीपासून. मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे शिंप्याचंच काम करतोय मी."

सील बसलं. नवा टेन्शनर बोटाने फिरवून कानाशी धरून झाला. नवा पट्टा खालून वर, ताणाची बाजू आधी, सैल बाजू टेन्शनरकडे. स्क्रूड्रायव्हरने ढकलायचा नाही, अंगठ्यानेच. टेन्शनरच्या स्प्रिंगने पट्टा ओढून घेतला, बोल्ट आवळला. मला वाटलं, झालं.

त्यांनी पुन्हा पाना लावून क्रँक हाताने फिरवायला घेतली. सावकाश दोन फेरे. दोन का, तर तेव्हाच कॅमचा एक पुरा होतो आणि सगळ्या खुणा परत भेटायला हव्यात. खालची खूण जुळली. वरचा ठिपका एक दात अलीकडे थांबला.

कोणी काही बोललं नाही. पोराने जीभ चावली. मिस्त्रींनी टेन्शनर सैल केला, पट्टा उतरवला, पुन्हा पहिल्यापासून. एका दाताच्या फरकाने गाडी चालूही झाली असती. चढावर ओढली नसती, थोडी थरथरली असती, आणि मी वर्षभर प्लग आणि कार्ब्युरेटरच्या गोष्टी ऐकल्या असत्या, या गाडीला कार्ब्युरेटर नसूनही. दुसऱ्यांदा चारदा फिरवून पाहिलं. ठिपके दर वेळी समोरासमोर.

साडेचारला गाडी सुरू केली. आवाज सकाळच्यासारखाच. तोच आवाज विकत घ्यायला मी दिवस आणि पैसे घातले होते. मिस्त्रींनी झाकणावर रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले.

जुना पट्टा मी आठवण म्हणून नेणार होतो, पण पोराने तो मागितला. गोठ्याचं फाटक वाऱ्याने उघडतं म्हणे. त्याने दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि खुशीत म्हणाला, "अजून चार पावसाळे काढील."