सिद्धार्थ हे नाव पडद्यावर नीट उमटावे म्हणून

बार्शीटाकळीच्या जुन्या हेमाडपंती देवळात शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा शिलालेख आहे. आठशेहून अधिक वर्षे लोटली, तरी जाणकाराला तो वाचता येतो. त्याच गावात १९९८ साली संगणकावर टंकलेली एका विहाराची स्मरणिका मात्र कोणालाच वाचता येईना!

विहार बांधताना ज्या शेतमजुरांनी, हमालांनी, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पोटाला चिमटा घेऊन दहा-वीस रुपये वर्गणी दिली, त्यांची नावे त्या स्मरणिकेत होती. छापील प्रती हळूहळू गहाळ झाल्या. एक उरली, तिची शेवटची पाने उधईने खाल्ली. सुदैवाने मूळ फाईल एका घरी सीडीवर होती. त्या घरची नात अकोल्याला संगणकाचे शिक्षण घेते. ही नावे इंटरनेटच्या पानावर घालावी, असे तिने ठरवले. फाईल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे.

आजी शेजारी बसली होती. म्हणाली, "बाई, तुह्या आबाचं नाव कोठी हाय यात?"

"हाय तं इथंच आजी, पण दिसत नाही."

असे का होते, हे आपल्या शिकत्या मुलामुलींनी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

अक्षर एक, मुखवटा दुसरा

१९९० च्या दशकात गावोगावच्या डीटीपी दुकानांत शिवाजी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट वापरात होते. त्यात मराठी अक्षर साठवलेच जात नसे. साठवले जाई इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवी. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचे स्वतःचे घर मिळाले. आता 'क' हा जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क'च राहतो, फॉन्ट कोणताही असो.

म्हणून जुनी फाईल मिळाली की प्रथम तिचा मूळ फॉन्ट बसवून ती वाचून घ्यावी. मग परिवर्तकातून ती युनिकोडमध्ये न्यावी. परंतु परिवर्तकावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये याच्या उलट क्रम असतो. त्यामुळे चुका नेमक्या येथेच होतात. आमची एक साधी कसोटी आहे : 'सिद्धार्थ' हा शब्द तपासावा. त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफारही आहे. तो नीट उतरला तर बरेचसे काम झाले समजा.

वहीत लिहून ठेवण्याच्या गोष्टी

आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी अक्षरांतच टंकाव्यात.

१) पानाच्या 'हेड' भागात अगदी आरंभी 'मेटा चारसेट यूटीएफ-८' ही ओळ हवी. नियम असा की ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत आली पाहिजे. ही ओळ नसेल, तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि मराठीचा कचरा होऊ शकतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, हेही ध्यानात असू द्यावे.

२) 'एचटीएमएल' या पहिल्या खुणेत 'लँग' म्हणून 'एमआर' लिहावे. हिंदीचे पान नक्कल करून घेतले की तेथे 'एचआय' तसेच राहून जाते. मग सोय असलेला फॉन्टही मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देत नाही, आणि अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे यंत्र हिंदी उच्चार करू लागते.

३) सजावटीच्या फाईलीत 'फॉन्ट-फॅमिली' पुढे मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा मोफत फॉन्ट द्यावा, शेवटी 'सॅन्स-सेरिफ' लिहावे. 'लाइन-हाइट' १.६ च्या आसपास ठेवावी, नाहीतर वरची मात्रा आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांना भिडतात. 'लेटर-स्पेसिंग' शून्य असावे. अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते.

४) माहिती साठवण्याचे कोठार मायएसक्यूएलचे असेल, तर त्याचा संच 'यूटीएफ८एमबी४' करावा. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो आपोआप असतो. त्याआधी मूळ संच 'लॅटिन१' असे. तेथे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली, तर नाव कायमचे जाते. मुखवटा गळाला तर पुन्हा चढवता येतो. प्रश्नचिन्हातून माणूस परत येत नाही.

५) अर्जात नाव तपासणारी ओळ केवळ 'ए ते झेड' अशी ठेवू नये. सर्व भाषांच्या अक्षरांसाठी 'पी एल' हा वर्ग आहे, परंतु काना, मात्रा, वेलांटी 'पी एम' या वर्गात येतात. दोन्ही लिहावेत. नाहीतर 'रमा' या नावालाही 'चुकीचे नाव' असा शेरा मिळेल.

६) लिहिण्यासाठी व्हीएस कोड हे साधन मोफत आहे. त्याच्या खालच्या पट्टीवर 'यूटीएफ-८' दिसते की नाही, ते पाहावे. नोटपॅडमध्ये २०१९ पूर्वी मूळ नोंद 'एएनएसआय' असे, म्हणून जुन्या संगणकावर साठवताना निवड बदलावी. गिट वापरणाऱ्यांनी 'कोअर डॉट कोटपाथ' हे 'फॉल्स' करावे, म्हणजे मराठी नावाच्या फाईली आकड्यांऐवजी मराठीतच दिसतील.

शेवटी

त्या मुलीनेही पहिल्या खेपेला चूक केलीच. कोठाराचा संच तिने पाहिला नव्हता, आणि निम्मी नावे प्रश्नचिन्हे झाली. मूळ फाईल तिने जपून ठेवली होती, म्हणून निभावले. तेव्हा मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय कामाला हात घालू नये, हा सातवा नियम समजावा.

दुसऱ्या खेपेला तिने मोबाईल आजीसमोर धरला. आजीला वाचता येत नाही. नातीने नावावर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले. आजीने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "बाजूच्या मथुराबाईचं बी पाह्य."

तुमच्याही विहारात, मंडळात, पेटीत अशी एखादी सीडी धूळ खात पडली असेल. ती वाचणारे यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. या रविवारी ती शोधा, आणि घरातल्या शिकत्या मुलाच्या हाती द्या.