अकीक घासण्याचे नवे मशीन : पहिल्या दिवशीची काळजी

तळीये, महाड, पोलादपूरचे डोंगर ज्या दख्खनी कातळाचे, त्याच्याच पोकळ्यांत अकीक तयार होतो. अंगठीचा नग घासण्यासाठी नवे मशीन घेणाऱ्या कारागीर बंधूंनी घाई करू नये. मशीन पक्क्या, सपाट पायावर बसवून अर्थिंग द्यावे. दगडी चाक लाकडी मुठीने हलके ठोकावे. आवाज खणखणीत नसेल तर चाक तडकलेले समजून परत करावे. झाकण लावून, बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामे फिरवावे. मग पाणी सोडूनच घासावे. शेवटी पाणी आधी बंद करून चाक फिरते ठेवावे. नाहीतर पाणी तळाशी साचून चाकाचा तोल जातो. कोरडे कधीच घासू नये. खंभातच्या अनेक अकीक कारागिरांना धुळीने सिलिकोसिस जडला. तो बरा होत नाही. हलाल रोजीसाठी छाती शाबूत हवी.