विज्ञानपटाची पहिली दोन मिनिटं

ओपनिंग म्हणजे काय? चित्रपटाचं जग, काळ आणि कोडं उभं करणारा सुरुवातीचा भाग. ट्रेलरमध्ये गोष्टीची झलक असते. ओपनिंगमध्ये गोष्ट सुरू होते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर दोन मिनिटांत 2,880 फ्रेम.

पूर्वसूरी. जॉर्ज मेलिएस यांचा चंद्रप्रवासाचा मूकपट 1902 चा. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली; ती त्यांनी टोपणनावानं पाठवली होती. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (2016) हा विज्ञानपट इंजिनिअरिंग कॉलेजात घडतो.

घराजवळचे ग्रह. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातली खरोसा लेणी जांभ्या दगडातली. तांबूस, खडबडीत भिंतीला मंगळ व्हायला फारशी सजावट लागत नाही. नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. पाणी ओसरलं की काळा खडक उघडा पडतो. संरक्षित स्मारकात चित्रीकरणाची परवानगी आधी काढावी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. टंचाईच्या भविष्यकथेला इथे दूरचा संदर्भ लागत नाही.

उजेड. भारतात वीज 50 हर्ट्झची. जुन्या ट्यूबलाइटखाली शटर 1/60 ठेवलं, तर चित्रात उजेड लपलपतो. 1/50 वर तो स्थिर होतो. टॉर्चवर निळा जिलेटिन कागद बांधला की वसतिगृहाची खोली यानाच्या आतली वाटते.

आवाज. कूलर बंद ठेवतात. रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट वेगळी नोंदवतात. संकलनात ती संवादांमधले सांधे बुजवते.