मुलांसह बाली: मुक्काम सानूरला

उन्हाळी सुट्टीत बालीला जाणाऱ्या कुटुंबांना एप्रिल-मे खरंच सोयीचा, कारण तिथला पावसाळा तोवर ओसरू लागलेला असतो.

मुलं लहान असतील तर कुटाच्या लाटांपेक्षा सानूरचा किनारा बरा. समोरची प्रवाळरांग लाटा बाहेरच अडवते. ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की पोरं निवांत डुंबतात.

एक संध्याकाळ मात्र उलुवातूच्या कड्यावरच्या केचक नृत्यासाठी राखावीच. वाद्य एकही नाही! उघड्या अंगाने गोलात बसलेले पुरुष ‘चाक-चाक’ असा ठेका धरतात, त्यावर रामायण उभं राहतं आणि हनुमान पेटत्या जाळातून निसटतो. आजीआजोबाही खूश! तिथल्या मंदिरात जाताना कमरेला सारोंग हवा.

मार्चमध्ये जायचं असेल तर आधी न्येपीची तारीख पाहावी. त्या मौनदिनी विमानतळही 24 तास बंद असतो.